बाद माल, चालू स्थितीत

मी, खाली सही करणारी यशोधरा महेंद्र पगारे, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त टेस्टिंग ऑपरेटर, जन्म उल्हासनगर कॅम्प ४, हल्ली मुक्काम कात्रप, बदलापूर पूर्व, हे माझे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला कोणी धजावतही नाही. माझी अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. मला हल्ली चक्कर येते हे खरे, पण ती पायांना येते, डोक्याला नाही, आणि दाखल्यात तसे लिहायला मी डॉक्टरांना भाग पाडले आहे.

येत्या मंगळवारी माझ्या छातीत पेसमेकर बसवणार आहेत. हृदय ठोका चुकवायला लागले की ते यंत्र त्याला आठवण करून देते म्हणे. मी विचारले, "बॅटरी किती वर्षं? क्लॉक बाहेरून बदलता येतं का?" डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही आराम करा." भीती मला वाटत नाही. उलट गेले चार दिवस एकसारखे हसू येते आहे. माझी मुलगी प्रीती म्हणते, आई, गोळ्यांचा परिणाम असेल. गोळ्या कसल्या! एक्केचाळीस वर्षे पोटात दाबून ठेवलेली गोष्ट आज कागदावर उतरणार, म्हणून मला उकळ्या फुटताहेत.

कलम १. कात्रपमधील माझा फ्लॅट मुलगी प्रीती हिला मिळावा. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. तो कै. महेंद्र यांनी स्वतः बसवला होता आणि आयुष्यात त्यांनी केलेली ती एकमेव दुरुस्ती होय. तो बदलू नये.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही निघेल तेही प्रीतीचेच. त्यातून दरवर्षी आमच्या विहारातल्या वाचनालयाला पुस्तके द्यावीत. कपाट देऊ नये. कपाटे तीन आहेत, पुस्तके अर्ध्या कपाटाची.

कलम ३. माझी सोल्डरिंग गन, मल्टीमीटर, चिमटे आणि सुट्या भागांचे चौदा डबे नात जिज्ञासा हिला. डब्यांवर 'मेथी', 'ओवा', 'जायफळ' असे लिहिले असले तरी आत ट्रान्झिस्टर आहेत. जायफळाच्या डब्यात खरोखर जायफळ आहे.

कलम ४. माझ्या कानातल्या सोन्याच्या कुड्या भाचा प्रज्वल याला. बाईचा दागिना भाच्याला का, असे लोक विचारतील, म्हणून कारण लिहिते. प्रज्वलचा कॅम्प ४ मध्ये भंगाराचा गाळा आहे. जुन्या सर्किटांवरचे सोने ॲसिडमध्ये उतरवून विकणे हा त्याचा धंदा. पोरगा कष्टाळू आहे, पण त्याला पिवळे काही दिसले की हात शिवशिवतात. मागे एकदा गच्चीवरचा पंपाचा डबा (कलम ५ पाहावे) मी उघडला असताना तो मागून डोकावला आणि म्हणाला, "मावशी, इसके ऊपर तो गोल्ड है! देऊन टाक ना, नवीन कंट्रोलर बसवून देतो." तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. बाळा प्रज्वल, आतल्या चिपेच्या झाकणावरच्या सोन्याने दात भरायचा म्हटला तरी पुरणार नाही. सोनेच पाहिजे ना? मग या कुड्या घे आणि गच्चीवर पाय ठेवू नकोस.

कलम ५. आता गच्चीवरच्या डब्याबद्दल.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी करड्या रंगाचा लोखंडी डबा आहे. त्यावर मी लाल रंगाने 'हात घालू नये, जीव जाईल' असे लिहिले आहे. जीव वगैरे काही जात नाही. आत पाच व्होल्ट आहेत.

त्या डब्यात एक चिप आहे. पांढरी, चिनी मातीची, आगपेटीएवढी लांब, वर सोन्याचे झाकण, दोन्ही बाजूंना मिळून चाळीस पाय आणि अंगावर १८०२ हा आकडा. सबंध कॉम्प्युटरचा मेंदू एका तुकड्यात मावायला लागला त्या सुरुवातीच्या काळातली ही. लष्कराच्या आणि अंतराळयानांच्या कामात हिला मान होता, कारण ही वीज अगदी थोडी खाते आणि कसल्याही हवेत कुरकुरत नाही. हिच्याच जातीच्या चिपा एका यानातून गुरू ग्रहापर्यंत गेल्या. ते यान २००३ साली गुरूत शिरून संपले. ती बातमी वाचून मी पदराने डोळे पुसले होते आणि महेंद्र म्हणाले होते, "ओळखीचं होतं का कोणी?"

होते. तिची बहीण तेव्हा आमच्या तांदळाच्या डब्यात होती. २००६ साली मी तो डबा बनवला, तेव्हापासून ती कात्रपला पंप चालवते आणि आठ बिऱ्हाडांना पाणी चढवते.

हिचा एक गुण नीट समजून घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. अशा प्रत्येक चिपेला चालायला बाहेरून ठोका द्यावा लागतो. त्याला आम्ही क्लॉक म्हणतो. त्या काळातल्या कित्येक चिपांचा ठोका थांबला की त्या सगळे विसरायच्या. ही विसरत नाही. थोडी वीज अंगात असली की पुरे, ठोका थांबला तर ही आहे तिथे उभी राहते, तासभर म्हणा की महिनाभर, आणि ठोका परत आला की पुढचे पाऊल टाकते. म्हणूनच लाईट गेल्यावर शेजारच्या इमारतींच्या टाक्या कोरड्या राहतात किंवा वाहतात, आणि आमची जिथे थांबली तिथून पुढे भरते. चार पेन्सिल सेल तिला तेवढ्यापुरते सांभाळतात.

ही चिप, तिच्या डब्यासह, मी श्री. हिरामण बाळाजी भोईर, राहणार पालेगाव, अंबरनाथ पूर्व, यांना देते. हे वाचून ते म्हणतील की ती चिप तर या बाईने १९८४ साली हातोडीने फोडली. म्हणून कलम ६ वाचावे.

कलम ६. कबुली.

१९८४ साली अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. आता तो नाही, नाव लिहीत नाही. लष्करी कामासाठीचे बोर्ड तिथे तपासले जायचे. मी टेस्टिंगला, हिरामणभाऊ वायरमन. मी नोकरीत कच्ची होते, पक्की व्हायला दोन महिने राहिले होते. आमच्या अख्ख्या ब्लॉकमधून असल्या नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. माझा बाप कारखान्याच्या दारापर्यंत सोडायला यायचा आणि वॉचमनला उगाच सांगायचा, "आमची यशोधरा. आत मशीन तपासते."

त्या ऑगस्टमध्ये चार चिपा तपासणीला आल्या. तीन पास झाल्या. चौथी दिव्यांच्या पाटीवर आकडे मोजत होती आणि सत्तेचाळीसवर थांबली. तपासनीस साहेब बाहेरून आलेले, घाईत. त्यांनी पाच मिनिटे वाट पाहिली आणि रजिस्टरात लाल शाईने 'मृत, बाद' लिहिले. हिरामणभाऊ ओरडले, "सायब, जिती हाय ती! निस्ती थांबलीय! क्लॉक बघा!" साहेबांनी ऐकून घेतले नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी क्लॉकची वायर पाहिली. निघालेली होती. लावली. दिवे लागले, अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. मी धावत साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "लाल शाई पुसता येत नाही. वायर ढिली ठेवली ही वायरमनची चूक, त्याला मेमो जाईल. माल नियमाप्रमाणे फोडा."

वायर हिरामणभाऊंनी ढिली ठेवली नव्हती. मी सकाळी माझ्या डब्याची पिशवी तपासणीच्या बोर्डाच्या स्टँडला अडकवली होती. आत सुक्या बोंबलांची चटणी होती आणि बाकावर ठेवली तर वास येतो म्हणून सगळ्या बायका मला बोलायच्या. पिशवीच्या वजनाने वायर निघाली. हे मला त्याच क्षणी कळले. मी सांगितले नाही. नोकरी जाईल या भीतीने मी गप्प बसले आणि हिरामणभाऊंना 'निष्काळजीपणा' असा मेमो मिळाला. त्यांची त्या वर्षीची पगारवाढ अडली. याची मला आजही लाज वाटते.

बाद माल फोडण्याचा नियम असा होता: स्टोअरच्या मागे लोखंडी ठोकळ्यावर एकाने हातोडीने चुरा करायचा, दुसऱ्याने समक्ष बघायचे, दोघांनी सही करायची, चुरा पाकिटात घालून लाखेने बंद करायचा. फोडायचे काम माझ्याकडे आले आणि बघायचे हिरामणभाऊंकडे. मी आधी कँटीनमध्ये गेले. साहेबलोकांसाठी पांढऱ्या कपबश्या होत्या, काठाला सोनेरी रेघ. एका बशीचा तुकडा पदराखाली आणला.

हिरामणभाऊ मला म्हणाले, "बाय, तू तरी नको मारू तिला." मी हातोडी उचलली. त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि डोळे गच्च मिटले. मी तीन घाव घातले. प्रत्येक घावाला त्यांचे खांदे हलत होते. पाकिटात बशीचा चुरा गेला आणि पाय कुठे गेले असे कोणी विचारू नये म्हणून रेझिस्टरच्या कापलेल्या तारा गेल्या. हिरामणभाऊंनी न बघता लिहिले, 'समक्ष नष्ट केले', आणि सही ठोकली. जन्मात त्यांनी केलेली ती एकच खोटी सही, आणि ती खोटी आहे हे तेव्हा फक्त मला माहीत होते. चिप माझ्या डब्यात, बोंबलांच्या चटणीत बसून घरी आली.

तेव्हाच त्यांना का सांगितले नाही? कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आनंदाने साहेबांना सांगितले असते.

त्याची शिक्षा मी भोगते आहे. त्या दिवसापासून त्यांनी मला हातोडीबाय नाव ठेवले आणि माझ्या हातचा चहा सोडला. कारखाना बंद पडला, ते पंपाच्या मोटारी दुरुस्त करायला लागले, आमच्या इमारतीचा पंपही तेच बघतात. महेंद्र गेले तेव्हा चार दिवस त्यांनी घरच्यासारखी धावपळ केली. पण चहा नाही. शेजाऱ्यांना वाटते हे जातीचे आहे, आगरी माणूस बौद्धाच्या घरचा चहा पीत नाही. तसे मुळीच नाही. वरच्या मजल्यावर माया कांबळेकडे ते दोन दोन कप पितात, वर पोहे खातात. मी कोणाला काय सांगणार? त्यांच्यावर उगाच डाग लागला आणि तोही माझ्यामुळे.

दुसरी शिक्षा विहारातली. दर रविवारी पंचशील घेताना दुसऱ्या आणि चौथ्या शीलाला मला खोकला येतो. न दिलेले घेणार नाही, खोटे बोलणार नाही, हे म्हणायची वेळ आली की घसा धरतो. लोक आता पाण्याची बाटली घेऊन तयारच असतात.

आणि कळस असा की गेली एकोणीस वर्षे हिरामणभाऊ पंपाजवळ उभे राहून त्या डब्याचे कौतुक करतात. "कोनी बनवलाय हा? कधी चुकत नाय. आपल्या त्या चिपेची सर नाय म्हना, पन चांगला हाय." डबा कधी बिघडत नाही, म्हणून उघडायची वेळ त्यांच्यावर आलेली नाही. मी जिन्यात जाऊन तोंडात पदर कोंबते.

कलम ७. चिप हिरामणभाऊंची असली तरी पंप चालू आहे तोवर ती गच्चीवरच राहील. सोसायटीचे सेक्रेटरी विनीत यांना मोबाईलवर चालणारा कंट्रोलर बसवायची फार हौस आहे. विनीत, तुझ्या मोबाईलची बॅटरी दुपारी संपते. तू पाण्याच्या भानगडीत पडू नकोस.

कलम ८. हिरामणभाऊंच्या पत्नी सौ. बनूबाई यांना माझी जांभळी पैठणी. त्यांना बारा वर्षांपासून सगळे ठाऊक आहे. माझे पापड वाळवायला मदतीला म्हणून गच्चीवर आल्या असताना डबा उघडा होता. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "मी कशाला सांगू? यांना कुरकुरायला कायतरी पायजे. ही चिप सुटली तर माझ्या कालवणावर येतील." अशी बाई सात गावांत सापडणार नाही.

कलम ९. माझ्या अंत्यविधीला त्रिशरण पंचशील व्हावे. पुण्यानुमोदनाला कोणीही दहा मिनिटांच्या वर बोलू नये. विनीतने पाच.

कलम १०. हे कलम आज, रविवारी, जोडते आहे. वकील शलाका हिने कपाळाला हात लावला, पण ती म्हणते, चालेल.

काल संध्याकाळी कलम नऊपर्यंत झाले होते. प्रीतीने मला न विचारता साक्षीदार म्हणून विनीतबरोबर हिरामणभाऊंनाच बोलावले. "आई, ते कधी खोटं बोलत नाहीत, म्हणून," म्हणाली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि टेस्टर, असे ते आले. शलाकाने त्यांना थांबवले. "काका, तुम्ही सही नका करू. तुमचं नाव आत आहे. ज्याला काही मिळणार त्याचीच साक्ष, असं उद्या कोणी बोट दाखवेल."

"माजं नाव? आत? हिच्याकडं माजं काय हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटले, पाने उचलावीत आणि मोरीत जाऊन कडी लावावी. मी मेल्यावरच हे कळावे अशी माझी तजवीज होती, म्हणजे बोलणी खायला मी नको. नुसता भेकडपणा. छातीत ठोका चुकला तो मला स्पष्ट कळला. मी पाने त्यांच्यापुढे केली.

ते उभ्याने, ओळीखाली बोट धरून वाचत होते. कलम पाचला त्यांनी छताकडे पाहिले. कलम सहाला खाली बसले. मग एकदम असे ओरडले की माया वरून खाली आली.

"बोंबलाच्या डब्यापायी? माजा मेमो बोंबलाच्या डब्यापायी?"

"सुके बोंबील," मी म्हणाले. "चटणी."

मला हसू आवरेना. हसता हसता रडू आले. मी हात जोडून म्हणाले, "हिरामणभाऊ, चूक माझी होती. मेमो माझा होता. मला माफ करा." ते उठले आणि गुडघे धरत चार मजले गच्चीवर गेले. आम्ही सगळे मागोमाग, मला प्रीतीने आणि विनीतने खुर्चीत बसवून नेले. त्यांनी खिशातल्या टेस्टरनेच डब्याचे चार स्क्रू काढले. वाकून चिपेच्या अंगावरचा आकडा वाचला. मी क्लॉकचा खटका खाली केला. डब्यातले पळते दिवे होते तसे थांबले.

"आता तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी खटका वर केला. पुढचा दिवा लागला, मग त्याच्या पुढचा. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "जिती हाय. मी सांगत व्हतो ना? मी सांगत व्हतो!"

विनीतने विचारले, "काका, माफ केलं का मग काकूंना?"

"ते बघू. आदी चा टाक म्हना तिला."

मी चहा टाकला. कँटीनचा तो कप मी नोकरीच्या शेवटच्या दिवशी मागून घेतला होता, काठाला सोनेरी रेघ असलेला. त्यातच दिला. हिरामणभाऊंनी कप हातात घेतला, खाली बघितले आणि म्हणाले, "बशी कुठाय?"

"पाकिटात," मी म्हणाले.

त्यांच्या नाकातोंडातून चहा आला. बनूबाईंना फोन लावून त्यांनी सगळे ओरडून सांगितले. पलीकडून त्या म्हणाल्या, "हो का? बाई गं!" त्यांनी कप संपवला आणि पुन्हा पुढे केला. हा बशी नसलेला कपही मी त्यांनाच देते.

आज सकाळी विहारात पाचही शीले मी खणखणीत म्हटली. बाटलीवाल्यांची निराशा झाली.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, पोटभर हसून सही करते. मंगळवारी काही झाले तर वरीलप्रमाणे वागावे. काही झाले नाही तर दर रविवारी विहारानंतर हिरामणभाऊंनी माझ्याकडे चहाला यावे आणि येताना चार पेन्सिल सेल आणावेत.

ठिकाण: कात्रप, बदलापूर पूर्व
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

लिहून ठेवणार: यशोधरा महेंद्र पगारे (सही)

साक्षीदार:
१. विनीत रमाकांत सावंत, सेक्रेटरी (सही, कलम ७ शी असहमत, पण सही खरी)
२. माया सिद्धार्थ कांबळे, चौथा मजला (सही)

साक्षीदार म्हणून नाही, पण मला कुठेतरी सही करूच द्या असा हट्ट धरल्यामुळे, शलाकाच्या परवानगीने:

समक्ष पाहिली. डोळे उघडे ठेवून. चालू आहे.
हि. बा. भोईर, वायरमन (सही)